कर्ण्याची सहनशक्ति

माणसाचा आवाज किती माणसांना पुरावा, याला निसर्गानें एक मर्यादा घालून ठेवलेली आहे. देवळाच्या सभामंडपांत उभा राहून कीर्तनकार कितीही खड्या आवाजांत बोलला, तरी कांहीं शेंकडा श्रोत्यांच्या पलीकडे त्याचा शब्द स्पष्टपणें पोंचत नाहीं. वाद्यांचेंही तसेंच आहे. सनई-चौघडा मैदानांत ऐकूं येतो. पण सारंगीची बारीक मींड दहाव्या रांगेपुढें विरून जाते. ही मर्यादा ओलांडण्याची विद्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत माणसाच्या हातीं आली. तिचा इतिहास सांगतांना आवाज कसकसा वाढत गेला, हेंच बहुधा सांगितलें जातें. आज त्याच इतिहासाची दुसरी बाजू आपल्यापुढें मांडावयाची आहे. आवाज वाढविण्याची युक्ति एकदां सांपडल्यावर तो आणखी वाढविणें फारसें अवघड राहिलें नाहीं. परंतु वाढलेल्या आवाजाच्या भारानें यंत्र जळूं नये, फाटूं नये, ऐन मैफलींत मुकें होऊं नये, याची तजवीज करतां करतां चांगल्या चांगल्या तज्ज्ञांची कसोटी लागली. त्या कसोटींतून जें शहाणपण निघालें तें मोठें मोलाचें आहे.

प्रथम हें यंत्र चालतें कसें, तें थोडक्यांत पाहूं. मायक्रोफोनवर आवाज पडला कीं त्यांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्या प्रवाहाचे चढउतार हुबेहुब आवाजाच्या चढउतारांसारखे असतात. वर्धक, म्हणजे ज्याला ॲम्प्लिफायर म्हणतात तें यंत्र, या क्षीण प्रवाहाची मोठी आवृत्ति तयार करतें. ती लाऊडस्पीकरमधील, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट कर्णा म्हणतात त्याच्यांतील, तारेच्या एका हलक्या वेटोळ्यांतून वाहूं लागली कीं लोहचुंबकाच्या फटींत लोंबणारें तें वेटोळें मागेंपुढें हलूं लागतें. त्याला जोडलेला कागदी शंकु किंवा पातळ पडदा हवा ढकलतो, आणि आवाज उठतो.

या साखळीला तीन ठिकाणीं मर्यादा आहे. पहिली मर्यादा वर्धकाची. त्याला जेवढा विद्युद्दाब पुरविलेला असतो, त्याच्यापलीकडे त्याची लाट उंच जाऊं शकत नाहीं. मागणी त्याहून अधिक झाली तर लाटेचा माथा छाटला जातो. घुमटाच्या जागीं सपाट धाबें यावें तसा तिचा आकार होतो, आणि कानाला आवाज फाटका व खरखरीत लागतो. दुसरी मर्यादा उष्णतेची. शंकूच्या साध्या कर्ण्याला दिलेल्या विजेपैकीं शेंकडा पांचांहूनही कमी भागाचा आवाज होतो. बाकीची सारी वीज त्या बारीक वेटोळ्यांत उष्णतेच्या रूपानें राहते. वेटोळें प्रमाणाबाहेर तापलें कीं त्याचा गोंद सुटतो, तारेवरील वेष्टन जळतें, आणि कर्णा कायमचा मुका होतो. तिसरी मर्यादा हालचालीची. शंकु किती मागेंपुढें जाऊं शकेल हें त्याच्या बांधणीनें ठरलेलें असतें. त्यापलीकडे रेटला तर वेटोळें फटीबाहेर निसटतें किंवा तळाशीं आदळतें, आणि शंकु फाटतो. यंत्रावरील अतिभार म्हणून जो म्हणतात, तो या तिहींपैकीं एका रूपानें प्रगट होतो. आणि पुष्कळदां एकामागून एक तिन्ही रूपांनीं प्रगट होतो.

या विद्येचा आरंभ भाषणापासून झाला. डेन्मार्कमध्यें जन्मलेले पीटर जेन्सन आणि त्यांचे अमेरिकन सहकारी एड्विन प्रिडहॅम यांनीं हलत्या वेटोळ्याचा कर्णा तयार करून १९१५ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें जमलेल्या प्रचंड समुदायाला ऐकविला. पुढें १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन डिएगो येथें याच जोडीच्या यंत्राच्या साहाय्यानें सुमारें पन्नास हजार लोकांपुढें भाषण केलें. विल्सन यांची प्रकृति त्या वेळीं ढासळत चालली होती, आणि एवढ्या जनसमूहाला उघड्या मैदानांत ऐकूं जाईल असा आवाज काढणें त्यांना शक्य नव्हतें. १९२१ सालीं, ११ नोव्हेंबर रोजीं, आर्लिंग्टन येथें अनाम सैनिकाच्या दफनविधीच्या वेळीं अध्यक्ष हार्डिंग यांनीं केलेलें भाषण टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथील जनसमुदायांनींही कर्ण्यांतून ऐकलें.

भाषण हा त्या मानानें सोशिक विषय आहे. वक्ता एकटा असतो. तो चढला-उतरला तरी एका ठराविक पट्ट्यांत राहतो. शिवाय त्याच्या आवाजांत फार खालचे स्वर नसतात. वाद्यांची गोष्ट निराळी. ती किती निराळी आहे हें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या सिव्हियन, डन व व्हाइट या तीन संशोधकांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून जगाला कळलें. एकेक वाद्य अधिकांत अधिक जोरानें वाजत असतां क्षणभर किती वॅटची ध्वनिशक्ति बाहेर टाकतें, हें त्यांनीं मोजलें. बांसरी सुमारें ०.०६ वॅट, पियानो ०.४ वॅट, ट्राँबोन ६ वॅट, आणि वाद्यवृंदांतील मोठा ढोल २५ वॅट! पंचाहत्तर वादकांचा सगळा वाद्यवृंद एकदम कडाडला असतां सुमारें ७० वॅट. म्हणजे ढोलाचा एकच टोला बांसरीच्या उंचांत उंच फुंकरीच्या चारशें पटींहून अधिक. आणि हा टोला पूर्वसूचना देऊन येत नाहीं. क्षणापूर्वीं यंत्र अगदीं निवांत असतें, आणि सेकंदाच्या कांहीं हजारांश भागांत त्याच्यापुढें ही मागणी उभी राहते.

या ज्ञानाची परीक्षा १९३३ सालीं झाली. २७ एप्रिल रोजीं फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद आपल्या गांवीं वाजवीत होता, आणि त्याचें संगीत तीन स्वतंत्र तारमार्गांनीं वॉशिंग्टन येथील कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्यें ऐकविलें जात होतें. नामांकित संगीतनियोजक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशीं वाद्यवृंदापुढें उभे नव्हते. ते वॉशिंग्टनला आवाजाच्या नियंत्रणापाशीं बसले होते, आणि त्यांचा सहकारी तिकडे वाद्यवृंद चालवीत होता. मूळ वाद्यवृंदापेक्षांही मोठा आवाज काढण्याची क्षमता या योजनेंत मुद्दाम ठेवलेली होती. एका श्रेष्ठ संगीतकारानें छडी दुसऱ्याच्या हातीं देऊन स्वतः नियंत्रणाच्या खुंट्या हातीं घ्याव्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आवाज कोठें वाढवावा आणि कोठें आवरावा, हा संगीताचाच प्रश्न आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

परंतु आवरावयाचें तर आवाज किती चढला आहे हें आधीं दिसलें पाहिजे. नभोवाणीच्या व टेलिफोनच्या मार्गांवर निरनिराळ्या कंपन्या निरनिराळीं मापें वापरीत. एकाचा 'ठीक' तो दुसऱ्याचा 'फार' असे. म्हणून बेल प्रयोगशाळा आणि अमेरिकेंतील दोन मोठ्या नभोवाणी संस्था यांनीं मिळून १९३९ सालीं एक समाईक मापक ठरविला. तोच पुढें व्हीयू मीटर या नांवानें जगभर पसरला. त्याचा कांटा पूर्ण चढण्यास सेकंदाचे तीन दशांश लागतात. माणसाच्या कानाला सरासरीनें जेवढा मोठेपणा जाणवतो, तेवढा दाखविण्यास ही गति योग्य. पण ढोलाचा टोला तेवढ्या अवधींत येऊन निघूनही जातो, आणि कांटा जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो. बी. बी. सी. च्या तज्ज्ञांनीं त्याच सुमारास उलट विचार केला. त्यांचा मापक झपाट्यानें चढे व सावकाश उतरे; त्यामुळें लाटांचीं शिखरें नजरेंत भरत.

दोन्ही पद्धतींतून निष्पन्न झालेला धडा मात्र एकच होता. सरासरी आवाज आणि यंत्राची परम मर्यादा यांच्या दरम्यान बरीच जागा मोकळी सोडली पाहिजे. तपेल्यांत दूध तापवितांना शहाणी गृहिणी तें कांठोकांठ भरीत नाहीं. उतूं येणाऱ्या फेसासाठीं वर चार बोटें जागा ठेवते. ती जागा वायां गेली असें कोणी म्हणत नाहीं. तसेंच, दहा वॅटची सरासरी लागणाऱ्या संगीतासाठीं शंभर वॅटचा वर्धक ठेवणें ही उधळपट्टी नसते. शिखरासाठीं राखलेली ती मोकळीक असते. नवशिका मात्र हीच मोकळीक रिकामी दिसते म्हणून आवाज चढवीत जातो. त्यांत त्याची एक फसगत होते. वीज दुप्पट केली तर कानाला आवाज जेमतेम किंचित् वाढल्याचा भास होतो; आवाज दुप्पट वाटावा तर वीज सुमारें दहापट लागते. ऐकणाराला थोडेंसेंच अधिक मिळालेलें असतें, आणि वेटोळ्यावरची उष्णता मात्र दुपटीनें वाढलेली असते.

मोकळीक ठेवूनही एखादें शिखर आवांक्याबाहेर जातेंच. माणसाचा हात खुंटीपर्यंत पोंचण्यापूर्वीं काम होऊन गेलेलें असतें. म्हणून १९३० नंतरच्या दशकांत नभोवाणीच्या क्षेपक केंद्रांवर स्वयंचलित लिमिटर बसूं लागले. लिमिटर म्हणजे न झोंपणारा पहारेकरी. लाट ठराविक रेषेला टेकली कीं तो वर्धन आपोआप कमी करतो, आणि लाट ओसरली कीं पुन्हां मूळपदावर आणतो. लाटेचा माथा तो छाटीत नाहीं. सगळी लाटच क्षणभर लहान करतो, म्हणून आवाजाची रूपरेखा पुष्कळशी शाबूत राहते. आरंभींचे लिमिटर व्हॉल्व्हवर चालणारे होते. पुढें प्रकाश पडला असतां ज्याचा विद्युत्-विरोध बदलतो अशा पदार्थाचा उपयोग झाला, आणि १९६७ सालीं बिल पुटनम यांनीं ट्रँझिस्टरवर चालणारा जो ११७६ नांवाचा लिमिटर काढला, तो सेकंदाच्या वीस दशलक्षांश भागांत जागा होऊं शकत असे. नभोवाणीच्या क्षेपकासाठीं जन्मलेला हा पहारेकरी पुढें प्रत्यक्ष मैफलीच्या कर्ण्यांपुढेंही येऊन उभा राहिला.

हें सारें होत असतां वाद्यांच्या दुनियेंत एक नवा पाहुणा आला होता. जॉर्ज बोशाँप यांनीं गिटारच्या पोलादी तारांजवळ लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें बसवून तारांचें कंपन थेट विजेंत उतरविलें. १९३२ पासून हें वाद्य बाजारांत आलें, आणि १९३७ सालीं त्याचें पेटंट मिळालें. १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन हा तरुण वादक बेनी गुडमनच्या जाझ वृंदांत आला, आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत जिचा आवाज बुडून जात असे ती गिटार त्याच्या हातीं त्यांच्या बरोबरीनें बोलूं लागली. मागोमाग खर्जाची पाळी आली. लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं विजेवर चालणारी खर्जाची गिटार काढली, आणि लागलीच दुसऱ्या वर्षीं तिच्यासाठीं मुद्दाम निराळा वर्धक काढला. या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते, साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ वेळां. निसर्गाचा नियम असा कीं, कंपनसंख्या निम्मी झाली असतां तितकाच ध्वनिदाब उत्पन्न करण्यास शंकूला चौपट मागेंपुढें जावें लागतें. साध्या गिटारच्या कर्ण्यावर खर्जाचें वाद्य लादलें कीं तो फाटतो, याचें कारण हेंच. वाद्य बदललें कीं यंत्रही बदलावें लागतें, हा धडा येथें मिळाला.

येथें इतिहासानें एक गमतीदार वळण घेतलें. १९५१ च्या मार्च महिन्यांत मेंफिस येथें 'रॉकेट ८८' या गीताचें ध्वनिमुद्रण व्हावयाचें होतें. तेथें येतांना वाटेंत गिटारच्या वर्धकाला इजा झाली होती. फाटक्या शंकूंत कागद कोंबून वेळ मारून नेण्यांत आली, आणि त्यांतून निघालेला घोगरा, फाटका आवाजच लोकांना आवडला. दहा वर्षांनीं, १९६१ सालीं, नॅशव्हिल येथील एका ध्वनिमुद्रणांत नियंत्रण-यंत्राच्या बिघाडामुळें खर्जाच्या गिटारचा आवाज तसाच फाटला. तोही तसाच ठेवण्यांत आला, आणि पुढच्या वर्षीं हा बिघाड मुद्दाम उत्पन्न करणारी पेटी विक्रीस आली! १९६४ सालीं इंग्लंडमधील डेव्ह डेव्हिस या तरुणानें तर दाढीच्या पात्यानें आपल्या कर्ण्याचा शंकु चिरून घेतला. बेल प्रयोगशाळेंतील पंडितांनीं जो दोष घालविण्यासाठीं वर्षें घालविलीं, तोच दोष तरुण पिढीनें अलंकार म्हणून अंगावर घातला.

या रुचीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण तिच्यांत एक मर्म आहे, तें समजून घेतलें पाहिजे. गिटारची लहान पेटी हा त्या वाद्याचाच एक भाग असतो. तिच्यांत मुद्दाम आणलेला फाटकेपणा हा वादकाचा स्वर होय. तो स्वर पुढें सगळ्या सभेला ऐकविणारी जी मोठी यंत्रणा, ती मात्र आरशासारखी स्वच्छ राहिली पाहिजे. तीही फाटूं लागली तर गायकाचा शब्द, बांसरीची फुंकर आणि ढोलाचा टोला सारेच एका खरखरींत बुडतात. शिवाय गिटारच्या पेटींतील कर्णा हा धकाधकी सोसण्यासाठीं बांधलेला असतो. मोठ्या यंत्रणेंतील उच्च स्वरांचे नाजुक कर्णे तसे नसतात.

आणि गर्दी तर वाढत चालली होती. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें बीटल्सच्या कार्यक्रमाला ५५,६०० लोक जमले. गिटारसाठीं शंभर शंभर वॅटचे खास वर्धक आणले होते. पण गायन ऐकविण्यासाठीं एरवीं बेसबॉलच्या खेळाच्या घोषणा ज्यांतून होत, तेच कर्णे वापरण्यांत आले. श्रोत्यांच्या आरोळ्यांपुढें तें गायन कोणालाच धड ऐकूं आलें नाहीं; गाणाऱ्यांनाही नाहीं. चारच वर्षांनीं, १९६९ च्या ऑगस्टांत, न्यूयॉर्क राज्यांतील वुडस्टॉकच्या महोत्सवांत सुमारें चार लाख लोकांसाठीं बिल हॅन्ली यांनीं स्वतंत्र यंत्रणा उभी केली. त्याच व्यासपीठावर पहिल्या रात्रीं भर पावसांत पं. रविशंकर यांची सतार आणि उस्ताद अल्लारखा यांचा तबला झाला, आणि पुढच्या दिवसांत विजेवरच्या गिटारींचा कल्लोळ झाला. तरफांची झणकार आणि ढोलांचा गडगडाट एकाच यंत्रणेनें वाहून न्यावयाचा, ही या विद्येची अवघड अट तेथें स्पष्ट दिसते.

आतां या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग सांगतों. अमेरिकेंतील ग्रेटफुल डेड या वादकसंघानें आवाज मोठा असूनही निर्मळ राहावा असा ध्यास घेतला होता. ९ फेब्रुवारी १९७३ रोजीं स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या क्रीडागृहांत त्यांनीं नवी यंत्रणा मांडली. तिची चांचणी झाली होती, सारें कांहीं सुरळीत वाटत होतें. पण वादकांनीं पहिल्या गीताला हात घातला मात्र, आणि पहिल्या कांहीं सेकंदांतच उच्च स्वरांचे कर्णे जळून गेले! चांचणीसाठीं वापरतात तो आवाज एकसारखा, समतल असतो. खऱ्या वाद्यांचीं शिखरें तशीं नसतात. चांचणीवर भिस्त ठेवणारे फसले.

संघाच्या तज्ज्ञांनीं हार मानली नाहीं. २३ मार्च १९७४ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोजवळील काउ पॅलेस येथें त्यांनीं जी यंत्रणा उभी केली, ती 'आवाजाची भिंत' या नांवानें प्रसिद्ध आहे. सुमारें सहाशें कर्णे, पंचवीस हजार वॅटहून अधिक शक्ति, आणि पंच्याहत्तर टनांच्या आसपास वजन! हे आंकडे थक्क करणारे खरे, पण त्या भिंतीची थोरवी तिच्या रचनेंत होती. प्रत्येक वाद्याला आणि गायनाला स्वतंत्र वर्धक व स्वतंत्र कर्णे दिलेले होते. एकाच वर्धकांतून खर्ज आणि गायन दोन्ही गेलीं, तर खर्जाची प्रचंड लाट सारी जागा व्यापते, आणि तिच्या माथ्यावर स्वार झालेला गायनाचा बारीक आवाज तिच्याबरोबरच छाटला जातो. वाटा निराळ्या केल्या कीं एकाच्या उन्मादाची शिक्षा दुसऱ्याला होत नाहीं. शिवाय एवढी शक्ति असूनही बहुतेक वेळ ती वापरलीच जात नसे. शिखरासाठीं ती राखलेली असे. ही भिंत वाहून नेणें आणि उभारणें इतकें खर्चाचें होतें कीं १९७४ च्या अखेरीस ती गुंडाळावी लागली. पण तिनें शिकविलेली वाटणीची पद्धति पुढील यंत्रणांनीं निरनिराळ्या रूपांनीं उचलली.

या सगळ्या अनुभवांतून जे व्यवहाराचे नियम रूढ झाले, ते आपल्याकडील लहानशा संगीतसभेलाही तंतोतंत लागूं पडतात. पहिला नियम असा कीं अतिभार मुळाशींच ओळखावा. मायक्रोफोनमधून येणारा विद्युद्दाब व्होल्टच्या हजारांश भागांत मोजावा लागतो. विजेवरच्या वाद्याचा त्याच्या शंभरपटही असूं शकतो. असें वाद्य मायक्रोफोनच्या मुखांत थेट जोडलें कीं लाट पहिल्याच पायरीवर छाटली जाते, आणि पुढें कितीही आवाज कमी केला तरी ती पुन्हां गोल होत नाहीं. म्हणून वाद्य आणि यंत्र यांच्या दरम्यान ट्रॅन्सफॉर्मरची एक लहान पेटी घालून तो दाब बेताचा करतात. दुसरा नियम खालच्या स्वरांचा. गायकाच्या मायक्रोफोनमधून पायांची धमक आणि वाऱ्याचा झोत कर्ण्यापर्यंत जाऊं देऊं नये; गायनाला त्यांचा कांहीं उपयोग नसतो, आणि शंकूला विनाकारण नाचावें लागतें. तबल्याच्या डग्ग्याला मात्र ते खालचे स्वर हवे असतात. म्हणून त्याची वाट निराळी ठेवावी.

तिसरा नियम ऐकावयास विपरीत वाटतो. कर्णा जळण्याचें भय मोठ्या वर्धकापासूनच असतें असें नाहीं; लहान वर्धक बेसुमार ताणला तरी तेंच घडतें. लाटेचा माथा पुरता छाटला जाऊन ती चौकोनी झाली, तर तितक्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट उष्णता ती वेटोळ्यांत ओतते. शिवाय छाटलेल्या लाटेच्या कडांतून नवे उंच स्वर उत्पन्न होतात, आणि ते नेमके सर्वांत नाजुक कर्ण्याकडे जातात. म्हणून आवाज फाटूं लागला कीं तो यंत्राचा कण्हण्याचा आवाज समजावा. कांहीं कारखानदारांनीं या नाजुक कर्ण्याच्या वाटेंत विजेचा एक लहानसा दिवा जोडण्याची सुरेख युक्ति योजिली. दिव्याची तार थंड असतांना विजेला जवळजवळ मोकळी वाट देते. ती तापून उजळली कीं तिचा विरोध वाढतो, आणि जास्तीची वीज कर्ण्याऐवजीं दिव्यांत खर्च होते. पेटीच्या जाळींतून तो दिवा लुकलुकतांना दिसला, तर खुंटी खालीं आणण्याची वेळ झाली, हें सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाहीं.

चौथा नियम क्रमाचा. यंत्रणा सुरू करतांना वर्धक सर्वांत शेवटीं चालूं करावा, आणि बंद करतांना सर्वांत आधीं बंद करावा. नाहींतर मधल्या यंत्रांचे धक्के थेट कर्ण्यावर आदळतात. वाद्याची तार जोडतांना किंवा काढतांना त्या वाटेचा आवाज आधीं बंद करावा, हेंही त्याच जातीचें. हे नियम इतके साधे आहेत कीं घाईच्या वेळीं नेमके तेच विसरले जातात. अलीकडच्या यंत्रणांत वेटोळें किती तापलें असेल याचा अखंड हिशेब ठेवून आपोआप आवाज आवरणारीं गणकयंत्रें आलेलीं आहेत. तीं उपयुक्त आहेत खरीं. परंतु त्यांना मर्यादा कोणती सांगावयाची, हें शेवटीं माणसानेंच ठरवावयाचें असतें.

श्रोतेहो, आतांपर्यंत आपण यंत्राच्या सहनशक्तीचा विचार केला. पण साखळीचा शेवटचा दुवा यंत्र नाहीं. तो श्रोत्याचा कान आहे. निसर्गानें कानालाही एक लिमिटर दिलेला आहे. मोठा आवाज कानीं पडला कीं मधल्या कानांतील एक सूक्ष्म स्नायु आंखडतो, आणि आंत जाणारा ध्वनि कांहींसा कमी होतो. पण त्याला जागें होण्यास सेकंदाचा सुमारें दशांश भाग लागतो. म्हणजे ढोलाच्या टोल्यापुढें तोही व्हीयू मीटरच्या कांट्याइतकाच उशिरां पोंचतो. शंकु फाटला तर नवा बसवितां येतो, वेटोळें जळलें तर नवें गुंडाळतां येतें. अंतःकर्णांतील श्रवणपेशी मात्र एकदां नष्ट झाल्या कीं माणसाला त्या पुन्हां मिळत नाहींत. भारत सरकारनें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे जे नियम केले, त्यांत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्या जागीं कर्णे लावण्यास जी बंदी घातली आहे, ती शेजाऱ्यांच्या झोंपेसाठीं व स्वास्थ्यासाठीं आहे. पण कर्ण्याच्या अगदीं पुढ्यांत, दिवसाढवळ्या, आनंदानें नाचणाऱ्या मुलांच्या कानांचें रक्षण घड्याळ करूं शकत नाहीं. तें खुंटीवर ज्याचा हात आहे त्यालाच करावें लागतें.

जेन्सन आणि प्रिडहॅम यांच्या काळीं आवाज पोंचत नाहीं हें दुःख होतें, आणि तें त्यांनीं दूर केलें. त्यांच्यामागून आलेल्यांनीं मीटर, लिमिटर, मोकळीक आणि वाटणी यांच्या साहाय्यानें त्या आवाजाला वळण लावलें. आपल्या हातीं आज जी शक्ति आहे ती त्यांच्या स्वप्नांतही नव्हती. ती सगळीच्या सगळी वापरून दाखविण्यांत कसब नाहीं. पुढच्या सभेंत, पुढच्या उत्सवांत यंत्रापाशीं बसणाऱ्या तरुणानें खुंटी चढविण्यापूर्वीं वरचीं चार बोटें जागा शिल्लक आहे ना, एवढें पाहिलें, तर कर्णाही वांचेल, गायकाचा शब्दही पोंचेल, आणि ऐकणारे घरीं जातांना कानांत गाणेंच घेऊन जातील.